मांडूला मुक्कामी जा

पाऊस सुरू झाला की आपल्याकडे घरोघरी मांडूची टूम निघते. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायचं, जहाज महाल, रूपमती, दोन भुट्टे, पन्नास फोटो आणि अंधार पडायच्या आत धार. धारहून मांडू जेमतेम 35 किलोमीटर, देवासकरांना इंदूरमार्गे तीन-साडेतीन तास. तेव्हा राहायचं कशाला, असा प्रश्न घरातली तरुण मंडळीच विचारतात. आणि हीच मंडळी सुट्टीसाठी ‘डोंगरातलं तळ्याकाठचं खेडं’ मोबाइलवर शोधत असतात, तेही युरोपातलं!

माझी भाची नोकरीनिमित्त फ्रान्सला, आल्प्समधल्या आन्सीच्या तळ्याजवळ एका खेड्यात राहते. तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलेय, म्हणून सांगते. सुंदरच आहे. चर्चची घंटा, खिडक्यांतली फुलं, काचेसारखं पाणी. पण ते तळं समुद्रसपाटीपासून साधारण 447 मीटरवर आहे आणि आपलं मांडू 600 मीटरच्या वर! हे सांगितल्यावर भाचीचे यजमान बराच वेळ गप्प होते.

खरा फरक उंचीचा नाही, पाण्याचा आहे. आन्सीचं तळं निसर्गाने दिलेलं, त्यात डोंगरावरचं पाणी उतरतं. मांडूच्या पठारावर नदीच नाही. नर्मदा दिसते ती रूपमतीच्या छत्रीतून, खाली निमाडात, हवा स्वच्छ असेल तर चांदीच्या तारेएवढी. वर जे पाणी आहे ते पावसाचं, माणसांनी अडवलेलं. जहाज महाल सुमारे 120 मीटर लांब, एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. त्याच्या गच्चीवर जाल तेव्हा सेल्फी आवरती घेऊन पायाखाली बघा. वळणावळणाची पन्हळ कोरलेली दिसेल. पाण्याचा वेग कमी व्हावा, गाळ मागे राहावा, म्हणून ती वळणं.

एवढं करूनही पुरत नसे. 1617 साली जहांगीर बादशहा इथे मुक्कामाला होता. त्याच्याबरोबर आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याने मांडूच्या पाणीटंचाईबद्दल रोजनिशीत लिहून ठेवलंय. पावसाळ्यातलं हिरवंगार मांडू बघून परतणाऱ्याला हे खरं वाटणार नाही. मे महिन्यात जाऊन बघा.

देवासकरांना मात्र लगेच पटेल. आमच्या पिढीने देवासला रेल्वेने पाणी येताना पाहिलंय. टँकरचं नाही म्हणत मी, अख्ख्या गाडीचं. पुढे 2006 च्या सुमारास जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदायला घेतली, हजारोंनी. नाव दिलं ‘रेवा सागर’. मांडूतल्या रेवाकुंडाचीच ही धाकटी भावंडं म्हणायची.

आणि आन्सीचं ते काचेसारखं पाणी? तेही आपोआप नाही टिकलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यात सांडपाणी जात होतं. 1957 मध्ये काठावरच्या गावांनी एकत्र संस्था काढली आणि तळ्याभोवती मोठी गटारवाहिनी फिरवली, सांडपाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून. भाचीकडे हे ऐकताना मला धारचा मुंज सागर आणि देवासचा मीठा तालाब आठवत होता. नाव मीठा, पण पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावायची हिंमत आहे कुणाची?

असो, मुक्कामाचं सांगत होते. मांडू सुरू होतं ते संध्याकाळी, गाड्या उतरून गेल्यावर. तळ्यावरून गुरं परततात, चुलींचा धूर पसरतो, गोरखचिंचेची ती पोट सुटलेल्या पैलवानासारखी झाडं काळी दिसू लागतात. गावात कुणाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, पानियेही मिळतील. मक्याच्या पिठाचे, पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले. हॉटेलातल्या पानियांना तो धुरकट वास नसतो. एका घराला दोन पैसे मिळतात, ते वेगळंच. दिवसभराच्या गर्दीतून गावात मागे राहतात त्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्या.

सकाळी बाजारात भिलणी गोरखचिंचेची फळं घेऊन बसलेल्या असतात. टणक कवच, आत पांढरा आंबट गर, ‘मांडू की इमली’. ही झाडं मूळची आफ्रिकेतली, इथे शतकानुशतकं रुजलेली. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातली अशी झाडं मुळासकट काढून हैदराबादला न्यायला लागले, तेव्हा गावकरी आडवे उभे राहिले.

सप्टेंबर संपता संपता जा. तळी भरलेली असतात, गर्दी ओसरलेली असते आणि सीताफळं यायला लागतात. आजी-आजोबांना न्या, पण रूपमतीच्या चढाला त्यांची घाई करू नका. आणि पाण्याची बाटली घरूनच भरून न्या, रिकामी परत आणा.