डब्यातली ताकद

दुखणे कोणालाच नको असते. म्हणूनच दुखणे घालवतो असे म्हणणाऱ्याभोवती गर्दी जमायला वेळ लागत नाही. पूर्वी जत्रेत जडीबुटीचे तेल विकणाऱ्याभोवती अशी गर्दी जमे. आज ती व्यायामशाळेतल्या काचेच्या कपाटासमोर जमते. कपाटात रंगीत डबे असतात. त्यांतल्या काहींवर ‘अँटिऑक्सिडंट’ असा भारदस्त शब्द असतो आणि व्यायामाने थकलेले स्नायू लवकर ताजेतवाने करण्याचे आश्वासन असते. विद्यार्थी बंधुभगिनींनो, या आश्वासनाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण डबा विकताना कोणी शाखा विचारत नाही. मग प्रश्न विचारणाऱ्याने तरी शाखा का पाहावी?

मी कोऱ्हाळे बुद्रुकची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या भागात पहाटे नीरा डाव्या कालव्याच्या कडेने धावणारी मुलेमुली दिसतात. ती हौसेने धावत नाहीत. कोणाला पोलीस व्हायचे असते, कोणाला सैन्यात जायचे असते. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. मैदानी चाचणीचे गुण ५०, आणि त्या पन्नासांवर साऱ्या घरादाराचे डोळे लागलेले! अशा मुलीने नव्याने बैठका काढल्या, वजने उचलली, की दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येत नाही. मग कोणीतरी अनुभवी माणूस सांगतो, ‘डबा घे, रिकव्हरी होईल.’ गोळा फेकायचा तर आधी गोळी गिळा, असा हा सल्ला! माझ्याबरोबर धावणाऱ्या एका मैत्रिणीने असा डबा आणला. त्याची किंमत मी आमच्या हिशेबाने मोजली. तिच्या आईची खुरपणीची सहा दिवसांची मजुरी त्या डब्यात गेली होती.

त्या सहा दिवसांच्या बदल्यात काय मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे म्हणतात, ‘अंग आंबले.’ शब्द मोठा नेमका आहे. पुष्कळ वर्षे शिकलेली माणसेही असेच समजत होती, की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि त्यामुळे अंग दुखते. पण ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. त्याचे कारण वेगळे आहे. ताणला जात असताना स्नायूला भार पेलावा लागला, म्हणजे वजन सावकाश खाली आणताना किंवा उतारावरून धावताना, त्याच्या बारीक तंतूंना इजा होते. शरीर ती इजा दुरुस्त करू लागते, तिथे थोडी सूज येते, आणि ते ठिकाण ठणकते. हे दुखणे म्हणजे दुरुस्तीचे काम चालू असल्याची खूण.

आता अँटिऑक्सिडंटचा संबंध येतो तो असा. कष्टाच्या व्यायामात स्नायूंमध्ये ‘फ्री रॅडिकल’ नावाचे चंचल रेणू वाढतात, हे शास्त्रज्ञांनी १९८२ साली दाखवून दिले. हे रेणू पेशींना अपाय करू शकतात, आणि क व ई ही जीवनसत्त्वे त्यांना शांत करतात. यावरून सरळ हिशेब मांडला गेला: रेणू वाईट, जीवनसत्त्व चांगले, म्हणून जीवनसत्त्व भरपूर घ्या, दुखणे कमी होईल. हिशेब कागदावर सुरेख दिसतो. पण शरीर म्हणजे पाटी नव्हे.

हा हिशेब तपासून पाहिला गेला आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली ५० प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत १,०८९ माणसे होती. गोळ्या, अर्क, फळांचे रस असे नाना प्रकार त्यांना रोजच्या गरजेपेक्षा अधिक मात्रेत दिले होते. निष्कर्ष काय निघाला? दहा अंकांच्या मोजपट्टीवर दुखण्यात एका अंकाचाही फरक पडला नाही. माणसाला जाणवावा एवढा तो फरक नव्हता. म्हणजे डबा घेतला तरी जिना तेवढाच उंच!

यावर माझी एक वर्गभगिनी म्हणते, ‘फायदा नसेल, पण तोटा तरी कुठे आहे? मनाला धीर येतो.’ हा युक्तिवाद दिसतो तितका साधा नाही. व्यायामात वाढणारे ते चंचल रेणू केवळ शत्रू नसतात. ते निरोपेही असतात. ‘भार वाढला आहे, तयारीला लागा,’ असा सांगावा ते शरीराला देतात, आणि त्यावरून शरीर आपले स्वतःचे संरक्षण वाढवते. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी हा निरोप दबतो. नॉर्वेमध्ये ३२ तरुण स्त्री-पुरुषांनी १० आठवडे वजनांचा व्यायाम केला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क आणि २३५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. स्नायूंचा आकार दोघांचाही सारखाच वाढला. पण स्नायूंतले हे निरोप गोळी घेणाऱ्यांत मंदावले होते, आणि दंडाची ताकद त्यांच्यात कमी वाढली. एका प्रयोगावरून गोळीला विष म्हणू नये, हे मला मान्य आहे. पण ज्या ताकदीसाठी पैसे मोजले तीच कमी वाढण्याची शक्यता असेल, तर त्याला ‘तोटा नाही’ कसे म्हणावे? शिवाय मोठ्या स्पर्धांत उतरणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा: डब्यात न लिहिलेले बंदीचे द्रव्य निघाले, तरी जबाबदार खेळाडूच धरला जातो, डबा नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. त्या १,०८९ माणसांत स्त्रिया अवघ्या १२८ होत्या. म्हणजे डबा मुलींना विकताना हात आखडत नाहीत, पण मुलींचे दुखणे मोजताना मात्र आखडतात. आमची खरी अडचण निराळीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! ज्या मुलीच्या रक्तात लोह नाही, तिला ८०० मीटरच्या शेवटच्या वळणावर धाप लागणारच. तिच्या थकव्याचे नाव ‘अँटिऑक्सिडंटची उणीव’ असे नाही. ते नाव एका साध्या रक्ततपासणीत कळते, आणि ती तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

गंमत अशी, की क जीवनसत्त्वाचा खरा उपयोग इथेच आहे. बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतले लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. त्याच जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट होते. भारतीय आहारतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते, आणि ते एका पेरूत मिळते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणारी आपली आजी कोणताही डबा न वाचता हेच करत होती.

म्हणून काही ‘जुने ते सोने’ असा माझा गजर नाही. तालमीत बदाम घोटून थंडाई पिणारे पैलवान पुष्कळदा राजाश्रयावर जगत. तो खुराक शेतमजुराच्या पोराला कधी परवडला? आणि त्या लाल मातीत मुलींना तर पायही टाकू देत नसत. पण वस्तादांची एक रीत मात्र आजच्या शास्त्रालाही पटते. नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी शंभर बैठका सांगत नसत. आकडा हळूहळू चढवत. तोच व्यायाम पुन्हा केला की दुखणे कमी होते, हे आता प्रयोगांनी सिद्ध आहे. हळूहळू वाढवलेला भार, पुरेशी झोप, पोटभर जेवण: दुखण्यावरचे हे उपाय कोणत्याही कपाटात ठेवता येत नाहीत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही.

आमच्यासारख्या घरांत छापील अक्षराला फार मान असतो. आईला वाचता येत नाही, म्हणून डब्यावरचे खोटे असेल असे तिच्या मनातही येत नाही. आपण वाचायला शिकलो ते कशासाठी? डब्यावरचे नुसते वाचण्यासाठी नव्हे, त्याला प्रश्न विचारण्यासाठी.

जिमखान्याच्या गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. वर्षारंभी खेळाडू मुलींची, आणि मुलांचीही, हिमोग्लोबिन तपासणी व्हावी. सरावानंतर केळे, उकडलेले अंडे किंवा शेंगदाणे-गूळ मिळावा. सरावाचा भार कसा वाढवायचा, हे तक्ता लावून शिकवावे. यांतली एकही गोष्ट अवघड नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, अंग आंबले तर घाबरू नका. दोन दिवस सबुरीने घ्या. दुखणे निघून जाईल. ताकद राहील, आणि आईची सहा दिवसांची मजुरीही राहील.