घरचा ठेवा : नोंदीविना फुटलेली काच



30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा हादरला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या दुःखापुढे अंबाजोगाईतील आमच्या घरची काचेची एक फळी कोसळली, ही गोष्ट बोलण्याजोगीही नव्हे. म्हणूनच ती आम्ही कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही.

त्या फळीवर आजोबांनी निजामाच्या अमदानीत हैदराबादेहून आणलेली रंगीत काच होती. सकाळी सगळा चुरा सुपात भरून टाकून दिला. पुढे कधी विषय निघाला, की आई म्हणे, हंडी तांबडी होती. आत्या म्हणे, जांभळी. काका म्हणत, हंडी कुठली, ती फुलदाणी! आज तिघांपैकी कोणीही नाही. काच फुटल्याचे दुःख एकदाच झाले. नेमके काय फुटले हे आता कोणीच सांगू शकत नाही, याची रुखरुख मात्र कायमची राहिली.

त्याच हैदराबादेतील एक उदाहरण पाहा. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, 2 मार्च 1949 रोजी निवर्तले. ते अविवाहित होते. त्यांच्या दिवाण देवडीत देशोदेशींच्या वस्तूंचे भांडार होते. त्यात बोहेमिया, व्हेनिस, फ्रान्स, इंग्लंड येथील काचही होती. मालकाबरोबर हा संग्रह विखुरला असता. परंतु जेम्स कझिन्स यांच्यासारख्या जाणत्याच्या साहाय्याने त्याची मांडणी झाली, 16 डिसेंबर 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले आणि 1961 मध्ये संसदेने त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था मानले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर अकाली गेलेल्या लेकाच्या, राजाच्या नावे घरगुती वस्तूंचा संग्रहच उभारला. तो सुमारे 20,000 वस्तूंपर्यंत वाढला आणि अखेर त्यांनी तो शासनाच्या स्वाधीन केला. संग्राहक जातो, वस्तू व तिची ओळख मागे उरावी लागते.

शोभेची काच म्हणजे परदेशीच, असेही नव्हे. लोकांच्या एकेका पैशातून जमलेल्या पैसा फंडाने 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना काढला. 1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि कराडजवळची ती वस्तीच ओगलेवाडी झाली. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्याकडे ओसरीत टांगलेला असे, बैलगाडीखाली झुलत असे. एखाद्याच्या माळ्यावर तो आजही धूळ खात असेल. नोंदवहीत त्याला बोहेमियाच्या फुलदाणीइतकीच जागा द्यावी.

ही वही कशी करावी? साधी दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक वस्तूस एक क्रमांक आणि एक पान. उंची, तोंडाचा व बुडाचा व्यास सेंटीमीटरमध्ये लिहावा. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. मग वस्तू उलटी करून बूड पाहावे. मधोमध खडबडीत अथवा घासून गुळगुळीत केलेला वण असेल, तर ती बहुधा फुंकून घडवलेली. अंगावर उभी बारीक रेघ असेल, तर ती साच्यातली. पिवळसर हिरवी काच अंधारात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरावी. ती झगझगीत हिरवी उजळली, तर तिच्यात युरेनियम असण्याचा दाट संभव असतो. असा दिवा बाजारपेठेत कोणाच्या ना कोणाच्या गल्ल्यापाशी मिळतोच. सहीवर मात्र विसंबू नये. फ्रान्सच्या एमिल गॅले याच्या सहीच्या नकली फुलदाण्या जगभर विकल्या जातात. चरे, कंगोरे, जोड हे दोषही लिहावेत. वस्तू ओळखण्यास तेच अधिक उपयोगी पडतात. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी, डिंकाने चिकटवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना शेवटी : ही कोणी आणली, कोठून, कोणाच्या लग्नात आली. हे बुडावर कोरलेले नसते. ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि आजच विचारावे.

उरलेल्या काचेची अशी वही मी लिहू लागलो, तेव्हा थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ही तर परिग्रहाचीच यादी झाली की!” बोलणे लागले, कारण ते खरे होते. पण आपल्याकडे श्रावकाला परिग्रहाचे परिमाण करण्यास सांगितले आहे, आणि मोजलेच नाही तर परिमाण कशाचे करावे? आमचा अंदाज वीसपंचवीस वस्तूंचा होता. मोजल्यावर त्रेचाळीस भरल्या. अडगळीत, पेटाऱ्यांत, जिन्याखाली त्या पडून होत्या आणि आम्ही मात्र बाजारात नवी फुलदाणी शोधत होतो! त्या दिवसापासून खरेदी थांबली. वहिनींनीही पुढची दहा पाने स्वतः लिहिली. त्यांच्या माहेराहून आलेल्या गुलाबदाण्यांची माहिती त्यांच्यावाचून लिहिणार तरी कोण?

गेल्या दिवाळीत एक निळी अत्तरदाणी भाचीला दिली. सोबत तिच्या पानाची प्रतही दिली : क्रमांक सतरा, उंची 9 सेंटीमीटर, टोपणाला एक चरा, आजीच्या पेटीतली. भाचीने आधी ते पान वाचले आणि मगच अत्तरदाणी हातात घेतली.