गोऱ्हा सापडत नाही

मागच्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातली जुनी टिपणे जुळवत बसलो होतो. डांगी जनावरांविषयीच्या नोंदी एकत्र हव्या होत्या, म्हणून संगणकावर ‘गोऱ्हा’ शोधला. एकच फाइल निघाली. बाकीच्या टिपणांतही गोऱ्हा होता, राजूरच्या प्रदर्शनात पाहिलेलाही होता, पण शोधात येईना. घोळ त्या अर्ध्या र चा होता. कुणी ऱ वापरून टंकला होता, कुणी साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तसेच होते. त्याहून जुन्या फाइली तर जुन्या फॉन्टमधल्या. तो फॉन्ट आता संगणकात नाही, त्यामुळे उघडल्या की मराठीऐवजी रोमी अक्षरांचा चुरा दिसतो. त्या नोंदी सांगणाऱ्या दोन आजी आज हयात नाहीत.

शब्द असा हरवण्याचा धोका लोक जैवविविधता नोंदवहीतही आहे. ती करणे हे 2002च्या जैविक विविधता कायद्याने गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे आलेले काम. प्रत्यक्षात ते कसे होते, हे आपण सगळे जाणतो. शिवारात कागदावर खरडायचे, संध्याकाळी पानांचे फोटो गटावर टाकायचे, मग तालुक्याला बसलेला कुणीतरी ते तक्त्यात भरणार. त्याला काळभात आणि रायभोग हे भाताचे वाण ठाऊक असतीलच असे नाही. ‘कडू वाल’ तिथे नुसता ‘वाल’ होतो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान वाण राखल्याबद्दल, आणि वाण राखायचा तर त्याचे नावही राखावे लागते. नाव पुसले की पुढच्या पिढीला काय शोधायचे तेच कळत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे: सांगणाऱ्या माणसासमोर बसूनच फोनवर टंका, आणि उठण्यापूर्वी टंकलेले मोठ्याने वाचून दाखवा. “तसं नाय बाबा” हे तिथल्या तिथे ऐकू येते, तालुक्याच्या टेबलावर येत नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरी लिहून घेतली, तेव्हा सांगणारा समोर होता. पुढे नकलांमागून नकला होत गेल्या आणि पाठ इतके बिघडले की शके 1506 मध्ये एकनाथांना ते शुद्ध करावे लागले. आपल्या नोंदी शुद्ध करायला कुणी एकनाथ येणार नाहीत.

टंकायचे कशात? साध्या मजकूर-संपादकात. अँड्रॉइड फोनवर ‘मार्कोर’ मी स्वतः वापरतो. तो फुकट आहे आणि मुक्तही आहे, म्हणजे त्याची घडण कुणालाही पाहता-बदलता येते. रेंज नसलेल्या दरीतही तो चालतो, आणि फाइल आपल्या फोनमध्ये साध्या मजकुराच्या रूपात राहते. उद्या मार्कोर बंद पडला तरी ती दुसऱ्या कोणत्याही संपादकात उघडेल. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे तीन हजार चिन्हांचे टिपण जेमतेम नऊ केबीचे. अशी शंभर टिपणे एका एमबीत मावतात. वहीच्या पानाच्या एका फोटोला अशा टिपणाहून कितीतरी जास्त जागा लागते, आणि त्यातला शब्द शोधताही येत नाही. टर्मक्स या टर्मिनल-ॲपमध्ये विम हा संपादक चालवणारे आपल्यात काही आहेत. त्यांच्या हौसेचे कौतुकच, पण तिथे जोडाक्षरे नीट दिसत नाहीत.

चकचकीत नोंद-ॲपांपासून मात्र जपा. त्यांतली बरीच आपला मजकूर परस्पर दूरच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. कोणते मूळ कोणत्या दुखण्यावर उगाळतात हे ज्ञान गावाचे आहे. समितीला विचारल्याशिवाय ते गावाबाहेर नेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

अडचणी आहेत. बोटाने टंकणे संथ असते, पावसात पडदा दाद देत नाही, आणि फोन काढला की म्हाताऱ्या माणसांना वाटते आपले बोलणे रेकॉर्ड होते आहे. त्यांना आधी पडदा दाखवा, त्यावर उमटलेले त्यांचे शब्द दाखवा. बोलून टंकण्याची सोय वापरू नका, कारण ती ठाकरी बोलीची पुस्तकी मराठी करून टाकते. शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोयही कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

पुढच्या अंकापासून या मासिकासाठी येणारी क्षेत्रटिपणे आम्ही साध्या मजकूर-फाइलीतच घेऊ. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गाव. अर्ध्या र साठी सगळ्यांनी ऱ वापरावा, ॲ एकाच चिन्हाचा असावा. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर लिहावे आणि कंसात अहमदनगरही ठेवावे, कारण 2024पूर्वीच्या साऱ्या नोंदवह्या त्याच नावाखाली आहेत. जुन्या फॉन्टमधल्या फाइली ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी त्या आहेत तशा पाठवाव्यात, सोबत फॉन्टचे नाव आठवत असेल तर तेही. माझ्याकडच्या अकरा फाइलींपासून मी सुरुवात केली आहे. आतापर्यंत तीन वाचता आल्या.