मायला पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनो

परवा मुरुडात एका शिबिरात पाहुणे डॉक्टर बोलून गेले. खेड्यातल्या आया पोरांना मारतात, धाकात ठेवतात, जवळ घेत नाहीत. म्हणून वयात येणाऱ्या पोरांची मनं आजारी पडतात. आपल्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवली नाही.

माझ्या मायनं मला मारलंय. खोटं कशाला बोलू? आठवीत असताना मी पाटलाच्या पोराशी हुज्जत घातली, तर तिनं मला घरापर्यंत चपलेनं बडवत आणलं. 'लई बोलू नको. गावात ऱ्हायचंय.' पुढं कैक वर्षं चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडायची. ही इजा खरी आहे. मायवर कविता लिहून ती भरत नाही.

पण तो हात उचलायला लावला कुणी? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार मारलं. माय तेव्हा नवी नवरी होती. त्या दिवसांत एक रात्र पिकात लपून काढलेली बाई लेकराला मोठ्यानं बोलू देईल?

आणि जवळ घ्यायचं कधी? दिवाळी झाली की उचल घेतलेला कोयता कारखान्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने पालात. धाकटी बहीण आजीपाशी. तिला पहिली पाळी आली तेव्हा माय फडात मोळ्या बांधत होती. पोरगी हळूहळू बोलायचीच थांबली. लातूरला एका डॉक्टरनं मायला विचारलं, 'मुलीला वेळ देता का?' वेळ मुकादमाकडं गहाण होता, डॉक्टर.

२०२२ पासून सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मन बुडतंय असं वाटलं तर पोरांनी जरूर फोन करावा. उचल मात्र फोनवर फिटत नाही.

आता आपलं बोलू, दोस्तांनो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयांना सांगितलं होतं, लेकरांच्या मनातला न्यूनगंड काढा, त्यांना मोठं व्हायची उमेद द्या. हे आपण आपल्या मायला कधी वाचून दाखवलं? जयंतीच्या मिरवणुकीत ती मागं. बैठकीत ती चहाला. तिला कशाची भीती वाटते, हे विचारायला आपल्याला सवड नाही.

मागल्या साली मी विचारलं. माय बराच वेळ गप होती. मग म्हणाली, 'तुला मारलं त्या राती म्या भाकर खाल्ली नव्हती.' बहीण दारात उभी राहून ऐकत होती.