गाळाचा हिशेब कोण ठेवणार?

ओहोटीच्या वेळी वाशीच्या खाडीपुलावरून लोकल जाऊ लागली, की खिडकीतून काळा गाळ आणि त्यात पाय रोवून उभी असलेली तिवराची झाडे दिसतात. आपण नाक मुरडतो. तो वास गंधकाच्या वायूचा. आणि हाच गंधक आजवर आपली लाज राखत आला आहे!

१९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले. त्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याबरोबर शिसे, जस्त, तांबे, पारा खाडीत उतरले. प्राणवायू नसलेल्या बारीक चिखलात हे धातू गंधकाशी संयोग पावून बरेचसे जखडले जातात. उरलेल्यांपैकी शिसे तिवराच्या मुळाशीच बहुतांशी अडते. जस्त आणि तांबे मात्र झाडाला थोडे लागतेच. ते पानात चढते. पान गळते, खेकडे ते खातात. आणि खेकडे कोण खाते, हे काय सांगायला हवे?

२००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला बंदी केली, २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. उत्तम झाले. पण एखादा पूल, एखादी वाहिनी निघाली, की वाद होतो तो झाडांच्या आकड्यावर: इतकी तोडणार, तितकी दुसरीकडे लावणार. उकरलेल्या गाळाचे काय? त्याला हवा लागली, की गंधकाची कडी निखळते आणि धातू पुन्हा पाण्यात मोकळे होऊ लागतात. दुसरीकडे लावलेल्या रोपाला ते अडवता येत नाहीत. परवानगी मागणाऱ्याने झाडे मोजावीतच. पण यंत्र उतरवण्याआधी गाळही तपासून त्याचे आकडे कोळीवाड्यात लावावेत.