पारितोषिक की नोंद?

हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धा आम्हांस प्रिय आहेत. त्यांची कसोटी मात्र मान्य नाही. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात जलसंगवी येथे चालुक्यकालीन शिवमंदिर आहे. त्याच्या भिंतीवरील एक मदनिका फलकावर अक्षरे लिहीत आहे. ती अक्षरे म्हणजे सहाव्या विक्रमादित्याची (१०७६-११२६) स्तुती. तिची कमनीय मुद्रा तेवढी टिपून अक्षरे चौकटीबाहेर ठेवणारे चित्र बक्षीस मिळवील. पण लिहिणारीचे लिखाणच कापून टाकणे, ही कसली रसिकता?

‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही वास्तुचित्रांची स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. २०१२ साली भारत तीत उतरला. तेथील चित्रे मुक्त परवान्याने सर्वांस वापरता येतात आणि परीक्षक सौंदर्याबरोबर उपयुक्तताही पाहतात. हाच दंडक आमच्या उत्सवांतील स्पर्धांनी का स्वीकारू नये?

कोणी म्हणेल, कला म्हणजे नोंदवही नव्हे. मग राजा दीनदयाळांकडे (१८४४-१९०५) पाहावे. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असता त्यांनी हौसेनेच कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या देवळांच्या व वाड्यांच्या चित्रांत कला आणि नोंद सुखाने एकत्र नांदतात.

म्हणून आमचे देवस्थानांच्या विश्वस्तांस आग्रहाचे सांगणे आहे: गाव, देवता व दिनांक यांची नोंद नसलेले चित्र स्पर्धेत घेऊ नये, आणि शिलालेख वाचता येईल अशा चित्रास स्वतंत्र पारितोषिक ठेवावे. ऊनपावसाने दगडावरील अक्षरे झिजतात. ती गेल्यावर कोणताही चषक ती परत आणणार नाही.