सत्तावीस की बाहत्तर?

(तृतीय वर्ष कला)

मला शिक्षक व्हायचे आहे. हे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "दुसरे काही जमले नाही का?" त्याला उत्तर देण्याची ही जागा नव्हे. पण मुले शिकतात कशी, याविषयी माझे एक मत झाले आहे, आणि ते मला दुसरीतल्या एका मुलीने दिले.

गेल्या सुट्टीत शेजारच्या काकूंच्या आग्रहावरून मी त्यांच्या मुलीला गणित शिकवू लागलो. 'सत्तावीस' म्हटले की ती ७२ लिही. मी खोडी, ती पुन्हा तेच लिही. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून निघाले, "डोक्यात काय दगड भरलेत?" हे वाक्य माझे नव्हते. तिसरीत असताना मी ते भर वर्गात ऐकले होते, आणि पुढे दोन वर्षे गणिताच्या तासाला हात वर केला नव्हता. शिक्षक होऊ पाहणाऱ्या माझ्या जिभेवर तेच वाक्य आयते तयार असावे, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी एवढेच विचारले, "तू लिहितेस कसं, सांग बरं."

"आधी सात ऐकू येतात ना, दादा. मग वीस."

म्हणजे पोरगी ऐकलेले इमानाने लिहीत होती! आपली भाषाच एकक आधी बोलते, दशक मागून. कानडीतले 'इप्पत्तेळु' म्हणजे सरळ वीस-सात. तिथल्या मुलाची ही कुचंबणा होत नाही. त्यात आपले 'एकोणपन्नास' : कानावर पन्नास पडतात आणि लिहायचा मात्र चार.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असेही वाचन आले, तेव्हा केवढे वादळ उठले! विषय विधानसभेपर्यंत गेला. आमच्या घरी तर चहाबरोबर मराठी भाषा रोज बुडत होती. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, हे फार थोड्यांनी पाहिले. 'त्रेसष्ट', 'सत्याऐंशी' हे शब्द जावेत असे मलाही वाटत नाही. त्यांना एक नाद आहे. पण त्या साऱ्या गदारोळात, ७२ लिहिणाऱ्या मुलाला कोणी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, मूल चुकते तेव्हाही ते विचार करीत असते, आणि त्या विचाराला हात घातल्याशिवाय नवे काही आत जात नाही. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. पाढे पाठ हवेतच. मात्र पाठांतराखाली चूक झाकली जाते, ती थेट पदवीपर्यंत. सर विचारतात, "समजले ना?" आम्ही एका सुरात "हो" म्हणतो, आणि संध्याकाळी गाइड विकत आणतो. भरलेल्या वर्गात प्रत्येकाला 'कसे' म्हणून कधी विचारायचे, अशी प्राध्यापकांची अडचण आहे. ती रास्त आहे, आणि तिच्यावर माझ्याजवळ उपाय नाही.

मुलीसाठी मात्र आम्ही दोन घरे आखली. ऐकू आलेला सात उजव्या घरात, मग वीसचा दोन डाव्या घरात. सत्तावीस सुटले. परवा मी 'एकोणऐंशी' सांगितले. तिने ८९ लिहिले, पाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "आता विचार ना दादा, कसं लिहिलं ते."